श्वासाचे मुद्दल

नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांकडून जुन्नरकडे चढणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते. घाटातून वर काय येते यावर पहारा हवा, ही जाण जुन्नरच्या व्यापाराला दोन हजार वर्षांची आहे. माणसाच्या देहातही असाच एक घाट आहे. नाकापासून फुप्फुसाच्या अखेरच्या टोकापर्यंत जाणाऱ्या या वाटेने दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक हवा आत येते. त्या वाटेवरही पहारेकरी आहेत. सिगारेट, विडी आणि अलीकडची इलेक्ट्रॉनिक सिगारेट यांचा पहिला वार होतो तो याच पहारेकऱ्यांवर.

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा आणि जुन्नर येथील जैन व्यापारी घरांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. ज्या घरात चौविहार पाळला जातो, कंदमुळे वर्ज्य असतात, तेथे धूम्रपानाची चर्चा होण्याचे कारणच उरत नाही. तरीही दोन दारे उघडी आहेत. पहिले दार दुकानाचे. घरात कोणी ओढत नसले तरी गल्ल्यामागच्या फळीवर सिगारेटची पाकिटे आणि विडीचे कट्टे अनेक ठिकाणी असतात. दुसरे दार शिक्षणाचे. दहावी-बारावीनंतर मुले पुण्यात वसतिगृहांत राहू लागतात आणि तेथे पेनड्राइव्हसारखी किंवा रंगीत पेनासारखी दिसणारी एक वस्तू हातोहात फिरत असते. तिला तंबाखूचा वास नसतो. आंब्याचा, पुदिन्याचा, कलिंगडाचा असतो. तिच्यात विस्तव नाही, राख नाही, ती खाण्याची वस्तूही नाही. त्यामुळे घरच्या कोणत्याच नियमाचा भंग झाला नाही, अशी मुलाची समजूत सहज होते. म्हणून फुप्फुसात प्रत्यक्ष काय घडते हे त्या घरांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

फुप्फुसाची घडण

श्वासनलिका छातीत उतरल्यावर तिला फांद्या फुटतात. त्या फांद्यांना पुन्हा फांद्या, अशी सुमारे २३ वेळा विभागणी होते. शेवटी द्राक्षाच्या घडासारखे सूक्ष्म वायुकोश लागतात. त्यांची संख्या कोट्यवधींत, सर्वसाधारणपणे तीस ते पन्नास कोटींच्या दरम्यान असते. हे सारे वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे मोठ्या शहरातील तीन खोल्यांच्या सदनिकेइतकी. वायुकोशाची भिंत माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असते. तिच्या एका बाजूस हवा आणि दुसऱ्या बाजूस रक्त. प्राणवायू रक्तात जातो आणि कर्बवायू बाहेर पडतो तो याच झिरझिरीत पडद्यातून.

इतक्या नाजूक पडद्यापर्यंत धूळ पोचू नये म्हणून श्वासमार्गाच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म रोम असतात. अस्तरातील काही पेशी चिकट श्लेष्मा तयार करतात. धुळीचे कण आणि जंतू त्यात अडकतात. रोम सेकंदाला दहा-बारा वेळा एका तालात हलून तो श्लेष्मा घशाकडे वर ढकलतात. यातूनही जे निसटते त्याला गिळण्यासाठी वायुकोशांत भक्षक पेशी फिरत असतात. झाडणारे, वाहून नेणारे आणि अखेरची झडती घेणारे असे तिहेरी पहारे निसर्गाने बसवले आहेत.

फुप्फुसांची वाढ विशीच्या सुमारास पूर्ण होते. त्यानंतर निरोगी माणसाचीही श्वासाची क्षमता दरवर्षी किंचित घटत जाते. एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते या मोजणीवर ही घट वर्षाला साधारण ३० मिलिलिटरच्या आसपास भरते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर विशीपर्यंत मुद्दल जमते आणि पुढचे आयुष्य त्यातूनच खर्च चालतो. नवी भर पडत नाही. म्हणून मुद्दल जमण्याच्या वयातच त्याला हात लावणे सर्वांत महागात पडते.

धुराचे काम

सिगारेटचा झुरका घेताना तिच्या जळत्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारण ठरतात. धूर आत गेला की प्रथम रोमांची हालचाल मंदावते. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याचे रोम आखूड होतात आणि जागोजागी नाहीसे होतात. त्याच वेळी श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी वाढतात. कचरा वाढला आणि झाडणारे निघून गेले, अशी ही अवस्था. साचलेला श्लेष्मा बाहेर काढायला मग खोकल्यावाचून उपाय राहत नाही. पहाटेचा जो खोकला अनेक घरांत ‘वयाचा’ म्हणून सोडून दिला जातो त्याचा उगम येथे आहे.

पुढचा घाव वायुकोशांवर होतो. धुराचा मारा सतत चालू राहिला की भक्षक पेशी आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात. पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे द्रव्य सोडतात. जंतूंशी लढताना ते उपयोगी असते. परंतु वायुकोशांना फुग्यासारखी लवचीकता देणारे तंतूही ते कुरतडते. या द्रव्याला आवर घालण्यासाठी शरीरात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन असते. धुरातील रसायने नेमके त्यालाच निकामी करतात. कुरतडणारा मोकळा आणि आवरणारा जायबंदी झाला की शेजारच्या वायुकोशांमधील भिंती फाटतात. अनेक लहान कोशांचा मिळून एक मोठा, ढिला फुगा बनतो. या विकाराला एम्फिसीमा म्हणतात. त्यात हवा आत जाते. पण बाहेर पडत नाही आणि रक्ताशी देवघेव करण्याची जागा उरत नाही. फाटलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. जुनाट खोकला, अरुंद झालेल्या नलिका आणि एम्फिसीमा यांना मिळून वैद्यक सीओपीडी म्हणते.

तिसरा घाव पेशीच्या केंद्रात होतो. धुरातील बेन्झोपायरीन हे रसायन शरीरात बदलून पेशीच्या गुणसूत्रांना चिकटते. पेशींची बेसुमार वाढ रोखणारे पी-५३ नावाचे एक जनुक आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात त्या जनुकात ज्या ठिकाणी बिघाड आढळतो, नेमक्या त्याच ठिकाणी हे रसायन चिकटते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. आकडेवारीने बांधलेला आरोप पेशीच्या पातळीवर शाबीत झाला तो तेव्हा.

आकडेवारीचा आरोप त्याच्या बराच आधीचा. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची तुलना करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधील हजारो डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांची ती खातेवही २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा ताळेबंद असा निघाला की आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे १० वर्षांनी घटते.

विडी सौम्य असते, हा ग्रामीण भागातील एक दृढ समज. जुन्नरच्या उत्तरेस संगमनेर-सिन्नर पट्ट्यात विडी वळण्याचा व्यवसाय जुना असल्याने ती आपल्यातलीच वाटते. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही आणि विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार व खोल झुरके घ्यावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची मात्रा सिगारेटहून कमी होत नाही, बहुधा अधिकच होते. हा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. धूम्रपान करणाऱ्यास क्षयरोग होण्याचा धोकाही दोन ते अडीच पटींनी वाढतो.

वाफ म्हणजे पाणी नव्हे

इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे आजचे रूप २००३ च्या सुमारास चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी घडवले. स्वतःची सिगारेट सुटावी, हा त्यामागे त्यांचा हेतू होता. आत एक बॅटरी, धातूची तार आणि द्रव भरलेली कुपी असते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तार तापली की द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगतात. त्यांना ‘वाफ’ म्हटले जाते. परंतु चहाच्या किटलीची वाफ आणि ही वाफ यांत नावापलीकडे साम्य नाही.

या थेंबांत तंबाखूचे डांबर नसते, हे खरे. सिगारेटच्या तुलनेत कर्करोगकारक द्रव्यांचे प्रमाण बरेच कमी असते, हेही खरे. म्हणूनच ब्रिटनमध्ये जुन्या, प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडवण्यासाठी तिचा वापर सुचवला जातो. परंतु ज्याने कधी काही ओढलेच नाही अशा सतरा वर्षांच्या मुलासाठी ही तुलना निरर्थक आहे. त्याची तुलना सिगारेटशी नसून स्वच्छ हवेशी करावी लागते. द्रव तापल्यावर फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही फुप्फुसाला चटका देणारी रसायने तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियम आणि शिसे यांचे कण सुटतात. प्रयोगशाळेत या थेंबांच्या संपर्कात आलेल्या श्वासमार्गाच्या पेशींत दाह वाढलेला, रोमांचे काम मंदावलेले आणि भक्षक पेशींची जंतू गिळण्याची शक्ती घटलेली आढळली आहे.

सुगंधांचीही एक कथा आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना श्वासनलिकांच्या टोकांशी कायमचे व्रण पडणारा दुर्मीळ आजार झाल्याचे २००० मध्ये उघड झाले. लोण्याचा वास देणारे डायअ‍ॅसिटिल हे रसायन त्यामागे होते. ते खाण्यात निर्धोक मानले जात होते. परंतु पोटाला जे चालते ते फुप्फुसाला चालतेच असे नाही. पुढे हेच रसायन अनेक सुगंधी वाफद्रवांत सापडले. वाफ ओढणाऱ्यांत तो आजार मोठ्या प्रमाणावर झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही ‘खाण्याचा अर्क आहे, अपाय काय होणार?’ या युक्तिवादाला त्या कारखान्याने उत्तर देऊन ठेवले आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इलिनॉय आणि विस्कॉन्सिन राज्यांत धडधाकट तरुण अचानक श्वास कोंडून रुग्णालयात येऊ लागले. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा रुग्णांची संख्या २,८०७ झाली आणि ६८ जण दगावले. या सर्वांनी वाफ ओढलेली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रवाची तपासणी केली असता ४८ जणांत ई जीवनसत्त्वाचा तेलकट एस्टर, व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, आढळला. गांजाच्या अर्काच्या बेकायदा कुप्यांत तो घट्टपणा आणण्यासाठी मिसळला जात होता आणि बहुतेक रुग्णांनी तसल्याच कुप्या वापरल्या होत्या. भेसळ म्हणजे काय हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर पूर्ण बंदी असल्याने येथे मिळणारी प्रत्येक कुपी चोरवाटेने आलेली असते. तिच्यात काय आहे याची हमी कोणीही देत नाही.

निकोटिनचे व्यसन हा वेगळा मुद्दा. नव्या उपकरणांत निकोटिन क्षाररूपात असते. त्यामुळे घशाला न खवखवता ते मोठ्या मात्रेत घेता येते. सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला येणारा ठसका हा एका अर्थी निसर्गाचा इशारा होता. तो इशाराच येथे काढून टाकला आहे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात जडलेले व्यसन अधिक खोल रुजते.

कायदा आणि गल्ला

मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील मुरली देवरा यांनी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचे पदार्थ विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकणे गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अल्पवयीनास तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट व सुटी विडी विकण्यासही बंदी आहे. सुटी विक्री म्हणजे मुलांच्या खिशाला परवडणारी विक्री, शिवाय पाकिटावरचा इशारा न दाखवणारी, हे त्या बंदीमागचे कारण.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटविषयी २०१९ चा केंद्रीय कायदा अधिक कडक आहे. तिची निर्मिती, आयात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. विक्रीसाठी साठा करून ठेवणेही गुन्हा आहे. ‘दोन-चार नग ठेवा, पुण्याहून आलेली मुले मागतात’ असे सुचवणारा फिरता विक्रेता दुकानदाराला किती मोठ्या जोखमीत ढकलतो, हे यावरून ध्यानात यावे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्केच आहेत. धूर आपल्याकडे अजून तुलनेने कमी आहे, ही जमेची बाजू. २०१९ च्या शालेय पाहणीत देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे दिसले आणि २.८ टक्क्यांनी इलेक्ट्रॉनिक सिगारेट कधी ना कधी ओढून पाहिली होती. ती तेव्हा बाजारात नवीच होती, हे लक्षात घेता हा आकडा लहान म्हणता येत नाही.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा निर्देश आहे. गल्ल्यामागची सिगारेटची फळी त्यात मोडते की नाही, याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. ‘आपण नाही ठेवले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल’ ही अडचण खोटी नाही. सिगारेटला आलेले गिऱ्हाईक चहा-साखरही घेऊन जाते. परंतु तेच गिऱ्हाईक शाळकरी मुलगा असेल, तेव्हा हिशेब निराळा होतो. वडिलांसाठी म्हणून दोन विड्या मागणाऱ्या मुलाला दुकानदाराने ‘नाही’ म्हटले, तर त्यात त्याचे नुकसान दोन-चार रुपयांचे असते.

घरातला धूर

धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, ही गोष्ट पुण्याचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात ठळकपणे मांडली. त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरी वाड्यांत, पावसाळ्यात ओल्या लाकडांवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना तो रोज भोगावा लागतो. बाजारपेठेतील पक्क्या घरांत चूल गेली; पण बंद खोलीत डासांची अगरबत्ती आली. एक अगरबत्ती जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. खिडकी उघडी ठेवणे आणि मच्छरदाणी लावणे हा त्यावरचा साधा उपाय. त्याच न्यायाने, दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओढणाऱ्याचा धूर गादीवर बसलेल्याच्या छातीतही जातो.

सोडता येते

डॉल यांच्या खातेवहीचे दुसरे पान आशेचे आहे. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ दहाच्या दहा. सोडल्यावर दिवसाभरात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरतो. काही महिन्यांत रोम पुन्हा काम करू लागतात; त्या काळात खोकला थोडा वाढला तरी घाबरू नये, झाडणारे कामावर परतल्याची ती खूण असते. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका निम्म्यावर येतो. फाटलेले वायुकोश परत येत नाहीत. मात्र पुढची झीज मंदावते.

निकोटिन सुटताना पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे ही लक्षणे तीन-चार आठवड्यांत ओसरतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम, त्वचेवरच्या पट्ट्या किंवा औषधे घेतल्यास यश मिळण्याची शक्यता वाढते. शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशन देते. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, जिना चढताना लागणारी धाप किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही आढळले तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीने श्वासाची क्षमता मोजण्याची तपासणी, आणि डॉक्टर सांगतील ती छायाचित्रे काढून घ्यावीत.

मुलांच्या बाबतीत धाकापेक्षा संवाद अधिक उपयोगी ठरतो. घरात हा विषय निषिद्ध असला की मूल तो लपवते. लपवले की मदतीची वेळ निघून जाते. दिवाळीला पुण्याहून घरी आलेल्या मुलाच्या पिशवीत अनोळखी उपकरण सापडले, खोलीत फळांचा वास रेंगाळताना जाणवला, तर ‘घराण्याचे नाव बुडवलेस’ या वाक्याने बोलणे तेथेच संपते. ‘हे काय आहे, केव्हापासून घेतोस, सोडायला काय मदत हवी?’ या तीन प्रश्नांनी ते सुरू होते. हिशेबात चूक सापडली तर व्यापारी वही फाडत नाही. कोणत्या तारखेपासून चुकले ते शोधतो आणि तेथून पुढची बेरीज नीट मांडतो.